डावीकडची बाकं

१० ऑक्टोबर १९९३, रविवार

लाइपझिगला पोचलो एकदाचा. म्युन्स्टरच्या स्टेशनवर आमचा अख्खा विभाग निरोपाला आला होता, जणू मी ध्रुवावरच निघालो होतो. म्हणाले, जा बाबा ब्राउकमान, त्या पूर्वेकडच्या बिचाऱ्यांना चार गोष्टी शिकवून ये. भिंत पडून पुढच्या महिन्यात चार वर्षं होतील, पण मानसशास्त्र कशाशी खातात हे इकडे अजून पश्चिमेकडून कुणीतरी येऊन सांगावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं आहे. दोन सत्रं इथे काढली की कुठल्याही चांगल्या विद्यापीठात प्राध्यापकी मागता येईल. मी खुशीत आहे. मला खूश व्हायला फार काही लागत नाही, आजूबाजूला माझ्यापेक्षा मंद माणसं असली की झालं.

खोली गोलिस भागात मिळाली, दुसऱ्या मजल्यावर. मालकीण क्रेचमारबाई विधवा आहेत, साठी उलटलेल्या. बोलतात अशा की तोंडात गरम बटाटा धरलाय. कोळशाची शेगडी कशी पेटवायची हे त्यांनी मला तीनदा दाखवलं. मी डॉक्टरेट केली आहे हे सांगितल्यावर चौथ्यांदा दाखवलं. घरात फोन नाही, अर्ज करून सहा वर्षं झाली म्हणे. पलंग रुंद आहे आणि गादी चांगली. बाईंचे यजमान याच पलंगावर गेले, हे त्यांनी भाडं सांगता सांगता सांगितलं, म्हणजे ती सोयच आहे.

संध्याकाळी बटाटा आणि चक्क्याच्या गोड टिकिया आणून दिल्या, सोबत सफरचंदाचा मुरंबा. सहा खाल्ल्या. ठीक होत्या.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

पहिलं व्याख्यान. पहिल्या वर्षाची मुलं, विषय आकलन आणि मेंदू यांची तोंडओळख. सभागृह जुनं, पायऱ्यापायऱ्यांचं, मधून वाट, दोन्हीकडे बाकं. यादीत चौऱ्याऐंशी नावं. मँडी, पेगी, रॉनी, सिल्वियो. आईबापांना अमेरिकेला जाऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी ती पोरांच्या जन्मदाखल्यावर आणली.

अगदी पायापासून सुरुवात केली. मेंदूचं वजन, चेतापेशी, एका पेशीचा निरोप दुसरीकडे कसा जातो, डावा अर्धगोल उजवं अंग चालवतो आणि उजवा डावं. मग विचारलं, मेंदूचं काम काय. डावीकडच्या पहिल्या बाकावरची पेगी लिंडनर नावाची मुलगी म्हणाली, बाहेर काय आहे ते जाणून घेणं. या उत्तराचीच वाट पाहत होतो. तिला सांगितलं की मेंदूचं मुख्य काम फेकून देणं हे आहे. डोळ्यांतून जे येतं त्यातलं मूठभर तो ठेवतो, बाकीचं मनाने भरतो, आणि वर आपल्याला खात्री देतो की सगळं पाहिलंत बरं का. तिने ते लिहून घेतलं. या लोकांना लिहून घ्यायची सवय फार आहे.

तास संपल्यावर मुलांनी रिवाजाप्रमाणे मुठींनी बाकं वाजवली. अख्खं सभागृह घुमलं. मला हे अपेक्षितच होतं, तरी बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

आज अल्पकालीन स्मृती. एकेक आकडा वाचून दाखवायचा आणि परत म्हणायला लावायचं. बहुतेकांची मजल सहा-सातपर्यंत गेली. मला नऊ येतात, हे मी त्यांच्या माहितीसाठी सांगितलं.

दुपारी प्रयोगशाळेत गेलो. तिथे पेट्झोल्ड नावाचा तंत्रज्ञ आहे, तीस वर्षं तिथेच चिकटलेला. उपकरणं स्वतः डाग देऊन बनवतो आणि त्यांच्याकडे पोटच्या पोरांसारखं बघतो. त्याचं प्रतिसादवेळेचं यंत्र म्हणजे डावीउजवीकडे दोन दिवे आणि एक बटण, दिवा लागला की दाबायचं. उद्या मुलांना द्यायचं म्हणून आधी मी स्वतः बसून पाहिलं. पेट्झोल्ड म्हणाला, डावा दिवा वीसपैकी चार वेळा सुटला. मी म्हटलं, दिवा गेलाय. त्याने तो बदलला. या खेपेला सात सुटले म्हणाला. म्हटलं, मग वायरिंगही गेलंय.

नंतर कॉफीचा कप डाव्या हातातून निसटला. उजव्या कानाच्या वर चार दिवस ठणकतंय, कोळशाच्या धुराने असणार. पेट्झोल्डने फरशी पुसली आणि म्हणाला, "डॉक्टर, समोरच मेंदूचा दवाखाना आहे, दाखवून या. दिवा मी बदलून देईन, डोकं नाही देता येणार." आता कारागिरांनी मला माझ्याच विषयातलं शिकवायचं राहिलं होतं.

४ नोव्हेंबर, गुरुवार

या शहरात दारं अरुंद बांधतात. दोन ठिकाणी डावा खांदा आपटला, काळानिळा झालाय. समाजवादात मोजमापही सगळ्यांना सारखंच कमी मिळत असावं.

इथलं वर्तमानपत्र वाचवत नाही. वाक्यं मधूनच सुरू होतात, कर्ता कुठे आहे त्याचा पत्ता नाही. संपादकाला चाळीस वर्षं काही खरं लिहायचंच नव्हतं, तेव्हा वाक्याला डोकं असावं लागतं हे तो विसरला असेल.

दुपारी कँटीनमध्ये बटाटे आणि कोबी वाढला, मांस नाही. पैसे मांसाचे घेतले होते. उठून वाढणाऱ्या बाईला सुनावलं. ती आली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताट अर्धं फिरवलं. मांस ताटात होतं. मागचे दोघे हसले. पश्चिमेकडून आलेल्यांची अशी गंमत करायची इथे पद्धत दिसते.

संध्याकाळी क्रेचमारबाईंनी विचारलं, अर्धी दाढी ठेवायची तुमच्याकडे नवी फॅशन आली आहे का. आरशात पाहिलं. गुळगुळीत. बाईंना चष्मा लागलाय.

९ नोव्हेंबर, मंगळवार

भिंतीचा चौथा वाढदिवस. गावात भाषणं, माझ्या सभागृहात बहिष्कार.

पाहतो तर निम्मंच सभागृह आलेलं. म्हटलं ठीक आहे, हजेरी घेऊ. मग यांची खरी लबाडी कळली. उजवीकडच्या बाकांवरून एकेक जण दोन-दोन नावांना हजर म्हणत होता. आवाज वेगळे काढत होते, पण येत होते तिथूनच. एकेचाळीस जण मला दिसत होते, तेवढ्यांना हजर लावलं. बाकीच्या त्रेचाळिसांवर काट मारली. शेवटी बाकं वाजली तीही निम्मीच.

जाताना पेट्झोल्ड दारात उभा होता. म्हणाला, आज बसायला जागा नव्हती, काही जण पायऱ्यांवर बसले होते. हाही त्यांच्यातलाच.

विभागातल्या माझ्या खोलीत जाऊन बसतो तोच दाराखालून एक अर्ज आला. आम्ही हजर होतो तरी गैरहजर लागलो, अशी त्रेचाळीस सह्यांची तक्रार. न आलेली माणसं सही करून सांगतात की आम्ही आलो होतो. हे मी म्युन्स्टरला पत्रातून कळवणार आहे, तिकडे चार दिवस पुरेल.

ही वही माझी म्युन्स्टरचीच, पण पानं अरुंद झालेली वाटतात. ओळ सुरू होते न होते तोच काठ येतो.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

आज अवधान. हा माझा आवडता तास, त्यात मी नेहमी म्युन्स्टरच्या इस्पितळातला एक जुना पोस्टमास्तर उभा करतो. त्याच्या मेंदूचा उजवा, मागचा वरचा भाग गेला होता. डोळे शाबूत, पण डावीकडे काही असू शकतं हेच त्याच्या मेंदूने सोडून दिलेलं. अर्धं ताट खायचा आणि उपाशी ठेवतात म्हणून ओरडायचा. अर्धी दाढी करायचा. डावीकडून बोललं तर उजवीकडच्या माणसाला उत्तर द्यायचा. आणि सांगायला जावं तर म्हणायचा, मला काही झालेलं नाही, तुम्हीच नीट वागत नाही. कारण तक्रार ज्या कचेरीतून यायची ती कचेरीच जळालेली असते. मुलांना सांगितलं, अशा रोग्याशी वाद घालू नका, आजार आपल्याला आहे एवढंच त्याला कधी कळणार नाही. मी त्याची नक्कलही केली. म्युन्स्टरला या नकलेवर हशा होतो. इथे कुणी हसलं नाही.

मग फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली. म्हटलं, अशा माणसाला मध्यावर खूण करायला सांगितली तर तो उजवीकडे सरकून करतो, आणि निरोगी माणूस करतो ती इथे. खूण केली.

ती लिंडनर उठून पुढे आली. आधी कुठून तरी बोलत होती, मग माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, तेव्हा दिसली. तिने पेट्झोल्डकडून मोजायची पट्टी मागवली. रेघ तीन मीटर. माझी खूण दोन मीटर चाळीसवर. मी म्हटलं, फळा तिरका लावलाय.

ती म्हणाली, "सर, डावीकडचे आम्ही सगळे रोज येतो. तुम्ही बघायचा नाहीत, तर आम्हाला वाटलं, तुमच्या लेखी आम्ही नाहीच. तुमचा स्वभावच तसा, म्हणून कुणी काही बोललं नाही. पण सर, तुम्हाला आम्ही दिसतच नाही."

तिला बाहेर काढलं. शिक्षकाला सगळ्यांसमोर रोगी ठरवायचं, हे धाडस यांना भिंत पडल्यावर आलं. आधी कुठे होतं?

घरी आल्यावर एका कागदावर रेघ काढली. मध्यावर खूण केली. कागदाची घडी घालून टोकाला टोक जुळवलं. घडी खुणेवर पडायला हवी. पडली नाही. आणखी तीन कागद घेतले. इथला कागद जाड असतो, त्याची घडी नीट बसत नाही.

चौथा कागद फाडून टाकला.

१७ नोव्हेंबर, बुधवार

पश्चात्तापाच्या प्रार्थनेची सुट्टी. कॉफी प्यायला बोलावून क्रेचमारबाईंनी मला फसवलं. टेबलाशी दवाखान्यातल्या मेंदूतज्ज्ञ हेम्पेलबाई बसलेल्या. लिंडनर त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगून आली होती म्हणे. चुगली हा इथला जुना धंदा आहे.

हेम्पेलबाईंनी दोन्ही हात पसरून बोटं हलवली आणि विचारलं, कोणतं हलतंय. मी बरोबर सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक वेळी दोन्ही हलवत होते. मग माझे हात पुढे धरायला लावले, डोळे मिटायला सांगितले. काही वेळाने म्हणाल्या, डोळे उघडा आणि डावा हात कुठे आहे पाहा. मी म्हटलं, असेल जागेवर. क्रेचमारबाई रडायला लागल्या. साध्या तपासणीला इतकं रडायचं काय?

हेम्पेलबाई म्हणाल्या, "उजवीकडे आत काहीतरी वाढतंय. शुक्रवारी सकाळी आठला या, स्कॅन करू. लगेच काढलं तर तुम्ही बरे व्हाल. दोन आठवडे घालवलेत तर मी फक्त तुमच्याशेजारी बसू शकेन."

बाईंची पदवी त्या राजवटीतली. जोड्यांचे तळ बदललेले. तरी जाणार आहे. स्कॅन काढून घेईन आणि त्यांच्याच टेबलावर आपटीन.

मेंदूतलं काही बिघडलं तर मेंदूतज्ज्ञाआधी मला कळेल. तो पोस्टमास्तर अडाणी होता. मी या विषयाचा डॉक्टर आहे. मला झालं असतं तर मला कळलं असतं.

हे वाक्य काल मी वर्गात —

नाही. ते वेगळं.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेसातला निघालो. दवाखाना नाहीच.

तीन जणांना विचारलं. तिघेही म्हणाले, सरळ जा आणि डावीकडे वळा. सरळ गेलो. डावीकडे रस्ताच नाही. उजवीकडे वळलो, परत उजवीकडे, परत. पुन्हा तीच बेकरी. पाचव्या खेपेला बेकरीतली बाई बाहेर आली, सातव्या खेपेला तिने माझं कोपर धरून मला बसवलं आणि दूध दिलं. मी तिला म्हटलं, तुमच्या नगरपालिकेने डावी वळणं कधी काढून टाकली. तिने माझ्या हनुवटीवरचं दूध पुसलं.

याच बेकरीसमोर पेट्झोल्डने मला एकदा दवाखाना दाखवला होता. लाल विटांची मोठी इमारत. अख्खी इमारत कुठे नेली यांनी?

म्युन्स्टरला फोन करायला टपाल कचेरीत गेलो. यंत्रावर निम्मेच आकडे आहेत.

घरी कुणी आणून सोडलं ते आठवत नाही. खोलीला आतून कुलूप लावलंय, किल्ली खिशात. आता मला कुणी भेटायला यायचं नाही.

२० नोव्हेंबर, शनिवार

पलंगावर कुणीतरी आहे.

सकाळी दुलईखाली हाताला हात लागला. थंड. जड. केसाळ. उचलून सोडला तर तसाच पडतो. पुरुषाचा आहे. बाकी माणूस दिसत नाही, फक्त हात, कोपरापासून पुढे, माझ्या पोटावर टाकलेला.

क्रेचमारबाईंना हाका मारल्या. त्यांचा आवाज भिंतीतून आला. मी विचारलं, हा हात कुणाचा. त्या म्हणाल्या, अहो डॉक्टरसाहेब, तुमचाच. हसू आलं. माझे हात मला माहीत नाहीत होय? मी त्यांना मेंदूतल्या अंगाच्या नकाशाबद्दल सांगितलं, प्रत्येक बोटाला त्यात कशी जागा असते, तळहाताला केवढी. सगळं आठवतं मला. स्मृती शाबूत, भाषा शाबूत. म्हणजे मी ठीक आहे.

मग कळलं. यांचा नवरा. याच पलंगावर गेला ना तो. पुरलाही धड नाही यांनी माणूस, थोडा इथेच राहिला.

दुपारी लिंडनर आली होती, आणि हेम्पेलबाई. दार उघडा म्हणत होत्या. दार फोडायला परवानगीचा कागद लागतो, तो उद्या मिळेल, एक वाजता गाडी आणि माणसं घेऊन येतो, तोवर स्वस्थ पडून राहा. मी म्हटलं, आधी हा हात घेऊन जा.

पान फार अरुंद. काठाशीच लिहितोय.

तो हलत नाही. आळशी. मेल्यावरही आळशी.

मी सरकतो. तोही सरकतो.

२१ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा रविवार. क्रेचमारबाई नवऱ्याच्या थडग्यावर फांद्या ठेवायला गेल्या. जाण्याआधी भिंतीतून ओरडून सांगत होत्या, परवा संध्याकाळी आत ठेवलेल्या ट्रेमधलं थोडं खा, तासाभरात येते, एकला माणसं येतील. थडग्यावर कशाला जायचं? तो इथे आहे.

—

खोलीला दार नाही. काल होतं. खुर्चीत बसून वळून पाहिलं, खिडकी, शेगडी, भिंत, पुन्हा खिडकी. किल्ली आहे, दार नाही.

लिंडनर आली आहे. दिसत नाही. एकटीच आहे, बाकीचे एकला. तिचा आवाज — पुस्तकांच्या कपाटातून.

"सर, ऐका माझं. दार तुमच्या डाव्या हाताला आहे. हात दिसत नसेल तर खुर्ची फिरवा. फिरवत राहा. दार दिसेपर्यंत थांबू नका."

फिरवली. थोडी. मग तो हात मध्ये आला.

माझ्या मांडीवर. त्याच्या मनगटावर माझं घड्याळ.

बाबांनी डॉक्टरेटला दिलेलं. पाठीवर माझं नाव कोरलंय. चोर. आधी पलंग, मग घड्याळ. ओढलं, सुटेना. बक्कल एका हाताने निघत नाही. माझा दुसरा हात — असेल इथेच, कामात.

लिंडनर विचारतेय काय चाललंय. सांगितलं, चोर पकडलाय. ती दार ठोकतेय. कुठलं दार?

ट्रेवर पावाची सुरी आहे.

—

पट्टा चामड्याचा, जाड. सुरी बोथट. इथे धड सुरीही बनवत नाहीत. पट्ट्याखालून घालून ओढली. पट्टा तुटला. घड्याळ माझ्याकडे.

थोडं खोल गेलं. ओरडला नाही. मी म्हटलंच होतं, मेलेला आहे.

मेलेल्याचं रक्त एवढं वाहत नाही.

फरशीवर. वहीवर. घड्याळात बारा वीस. लिंडनर किंचाळतेय, माणसं बोलावतेय, जिना उतरून गेली — की वर — हळू होतोय आवाज.

गळू दे. चोराचं आहे. मला काय.

पेन जड झालंय. शेगडी पेटलेली आहे. जवळच आहे.

रक्त त्याचं जातंय — मग गारठा मला का —